ओपन एअर, ओपन रिअ‍ॅक्शन!

नाटकाला जाताना आपण काय काय करतो, बघा. ऑनलाइन सीट बुक करतो, शक्यतो पहिल्या सहा रांगांतली. पार्किंग मिळावं म्हणून अर्धा तास आधी पोचतो. इंटरव्हलचा बटाटेवडा आधीपासूनच डोक्यात असतो. आणि तिसरी घंटा झाली, अंधार झाला की आपण एकदम शहाणी मुलं होतो. हसायचं, पण शेजारच्याच्या मानाने. रडायचं, पण रुमालाआड. खोकला आला तर टाळ्या पडेपर्यंत थांबायचं. शेवटी सगळे उभे राहिले की आपणही उभं राहायचं, मग नाटक आवडलेलं असो वा नसो. थोडक्यात काय, तर नाटकासारखीच प्रेक्षकाचीही छान तालीम झालेली असते.

आता याच नाटकाचं छप्पर काढून टाका. एसी काढा, पुशबॅक खुर्च्या काढा. वर आकाश, बुडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची, मागे सिमेंटच्या पायऱ्या, डाव्या हाताला भेळेची गाडी आणि उजव्या हाताला कुणाच्या तरी लग्नाचा डीजे. नाटक तेच, कलाकार तेच, संवादही तेच. पण प्रेक्षक? बॉस, प्रेक्षक एकदम बदलतो. आणि प्रेक्षक बदलला की नाटकही बदलतं.

हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. एकच नाटक मी आधी कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात पाहिलं आणि मग दोनेक महिन्यांनी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खुल्या नाट्यगृहात पाहिलं. नाटकाचं नाव मुद्दाम देत नाही आणि गावाचंही नाही. कारण हा रिव्ह्यू नाही. आजचा विषय स्टेजवरची मंडळी नाहीतच. आजचा विषय आहे समोरची.

नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, पण माझ्या तोंडून पटकन नगरच येतं, तेव्हा चालवून घ्या. मी तिथलीच. आणि 'नगरला काय आहे?' असं विचारणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी माझ्याकडे एक छोटी यादी कायम तयार असते. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधले ते 'ह हा हि ही'वाले प्रोफेसर बारटक्के आठवतात? ते लिहिणारे आणि रंगवणारे मधुकर तोरडमल आधी आमच्या अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी, म्हणजे सदाशिव अमरापूरकर, तेही नगरचेच. 'हँड्स अप' या नाटकातलं त्यांचं काम पाहून गोविंद निहलानींनी त्यांना घेतलं आणि १९८३ मध्ये सगळ्या देशाला तो थंड डोळ्यांचा खलनायक दिसला. सावेडीच्या माऊली सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेचे आणि महाकरंडक एकांकिका स्पर्धेचे प्रयोग बघत आमची एक अख्खी पिढी वाढली. तेव्हा नाटक काय असतं हे आम्हाला माहीत नाही, असं प्लीज कुणी म्हणू नका.

पण नगर शहर वेगळं आणि तालुका वेगळा. तालुक्याच्या गावी मोठं बंदिस्त नाट्यगृह नसलं, तरी मोकळं मैदान असतं. आणि मोकळ्या मैदानावर बसून बघण्याची सवय तिथे आपल्या सगळ्यांच्या नाटकवेडापेक्षा जुनी आहे. संगमनेर घ्या. पेशवाईतला शाहीर अनंत फंदी तिथलाच. आणि तमाशासम्राज्ञी कांताबाई सातारकर तिथेच राहिल्या, २०२१ च्या मे महिन्यात तिथेच गेल्या. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या जत्रा संपेपर्यंत गावोगाव फिरतात. गण, गवळण, मग वग. या सगळ्यात प्रेक्षक गप्प बसलेला नसतो. सोंगाड्या त्याला चिमटे काढतो, तो सोंगाड्याला उलट उत्तर देतो आणि ते उत्तर आवडलं तर त्या रात्रीपुरतं वगातच जाऊन बसतं. अशा मातीत आपलं शहरी, सोफा-आणि-कॉफी-मग छापाचं नाटक उतरलं, तर काय होणार? तेच बघायला मी गेले होते.

सोबत माझ्या टीममधला एक जण होता. जन्माने दादरचा, शिक्षणाने पुण्याचा आणि नाटकाच्या बाबतीत एकदम कट्टर. त्याला दादरच म्हणू या, म्हणजे नाव उघड होणार नाही.

नाटक थोडक्यात असं. पुण्यातला टू बीएचके. तिशीतलं जोडपं, दोघंही आयटीत. डोक्यावर वीस वर्षांचा ईएमआय. नवऱ्याची आई गावाकडे एकटी. ती रोज संध्याकाळी आठला फोन करते. पुढे ती राहायला येते, मग व्हायचं ते होतं. म्हणजे तुमची माझीच गोष्ट. कोथरूडला हाऊसफुल्ल, दर पाच मिनिटांनी हशा.

तालुक्याला प्रयोग साडेसहाला होता. एवढ्या लवकर का? कारण रात्री दहानंतर स्पीकर बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी हे ठरवून टाकलंय. बंद सभागृहाला त्यातून सवलत आहे, उघड्या मैदानाला नाही. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत परवानगी देऊ शकतं आणि ते दिवस बहुतेक सणावारातच संपतात. त्यात काही गैर आहे असं नाही, आजूबाजूला माणसं झोपतात, मुलं अभ्यास करतात. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन, जिथे जॅझ यात्रेपासून कितीतरी मैफली झाल्या, ते याच शांतता क्षेत्राच्या नियमामुळे गप्प झालं. पण परिणाम असा, की उघड्यावरचं नाटक सुरू होतं तेव्हा आकाशात अजून थोडा उजेड असतो. नेपथ्यातला लॅम्प लावला तरी तो लागलाय हे कळत नाही. आणि ब्लॅकआऊट नावाची गोष्ट तर विसराच. रस्त्यावरच्या दिव्यांना कोण सांगणार? पहिला प्रवेश संपला, स्टेजवरचे दिवे गेले, आणि काळा टी-शर्ट घातलेला एक मुलगा सोफा सरकवताना आम्हा सातशे-आठशे लोकांना व्यवस्थित दिसला. त्याचा पाय चटईत अडकला, त्याने तोल सावरला, आणि मैदानाने त्याला टाळ्या दिल्या. मनापासून! बिचारा दचकला, मग हलकेच मान झुकवून विंगेत गेला.

दादर म्हणाला, "संपलं. इल्युजनच गेलं."

मला उलट वाटलं, की खेळ आता कुठे सुरू झाला.

पहिला धक्का बसला तो फोनला. प्रसंग असा. आठ वाजतात. नवरा सोफ्यावर आडवा, हातात रिमोट, समोर मॅच. फोन वाजतो. तो स्क्रीन बघतो, रिमोटने आवाज म्यूट करतो आणि गंभीर चेहरा करून म्हणतो, "आई, मीटिंगमध्ये आहे गं. नंतर करतो." फोन ठेवतो, आवाज पुन्हा चालू. कोथरूडला या वाक्यावर नाट्यगृह कोसळलं होतं. टाळ्या, शिट्ट्या, 'अगदी अगदी' असं एकमेकांना कोपराने ढोसणं. का नाही? प्रत्येक रांगेत तो मुलगा बसलेला होता.

इथे काहीच नाही. हशा नाही, चुळबुळ नाही, खुर्ची वाजली नाही. नटाने हशासाठी नेहमीची जागा सोडली होती. ती जागा तशीच रिकामी राहिली. आणि मग मागच्या पायऱ्यांवरून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. ओरडून नाही, स्वतःशीच बोलावं तसा. पण उघड्यावर, त्या शांततेत, तो सगळ्यांना ऐकू आला.

"मीटिंग हाय म्हनं."

माझ्या शेजारी एक मावशी होत्या. शाल घट्ट लपेटून, मांडीवर शेंगदाण्याची पुडी. त्या स्टेजकडेच बघत म्हणाल्या, "रोजचंच आहे." कुणाला म्हणाल्या? मला नाही. त्या नटालाही नाही.

आता सांगा, नाटक पडलं की उभं राहिलं? वाक्य एकच. कोथरूडला समोर बसले होते फोन कट करणारे. इथे समोर बसले होते ज्यांचा फोन कट होतो ते. नाटककाराने विनोद लिहिला होता. मैदानाने तो विनोद उचलला, उलटा करून पाहिला आणि खाली ठेवून दिला. यात न कळण्यासारखं काय होतं? उलट जरा जास्तच कळलं होतं.

मराठी रंगभूमीवर टेलिफोन ही तशी जबरदस्त प्रॉपर्टी. प्रशांत दळवींचं 'चारचौघी' आठवा. १९९१ मध्ये वंदना गुप्तेंनी आणि २०२२ मध्ये नव्या संचात मुक्ता बर्वेने केलेला तो लांबलचक फोन. पलीकडचा माणूस आपल्याला ऐकूच येत नाही. त्याचं बोलणं आपण मनात भरतो आणि म्हणून तो प्रवेश अंगावर येतो. इथे गंमत अशी, की पलीकडची बाजू मनात भरायची गरजच नव्हती. पलीकडची बाजू समोर शाल पांघरून बसलेली होती.

दुसरा धक्का याच्या बरोबर उलटा. इंटरव्हलनंतर बायको आणि नवऱ्याचं कडाक्याचं भांडण होतं. ती हुंदका आवरत म्हणते, "मला या घरात माझी स्पेस नाहीये." कोथरूडला इथे सुई पडली तरी ऐकू आली असती, इतकी शांतता. मग टाळ्या. गंभीर, समजूतदार टाळ्या.

इथे मागून एक पोरगा ओरडला, "ताई, इकडं या की! जागाच जागा हाय!"

मैदान फुटलं. सरपंचांसारखे दिसणारे पुढच्या रांगेतले पाहुणे, मेडिकलवाले, गुरुजी, पतसंस्थेतले, सगळे हसले. स्टेजवरच्या अभिनेत्रीच्या ओठाचा कोपरा हलला. तिने पाठ फिरवली, खिडकीशी गेली, दोन श्वास घेतले आणि परत वळली. शाब्बास तिची! प्रवेश सोडला नाही.

दादर मात्र पेटला. "यांना स्पेस म्हणजे जागा वाटली. एवढं मोठं वाक्य वाया गेलं."

मला नाही पटलं. त्या पोराला स्पेसचा अर्थ व्यवस्थित माहीत होता, त्याच्या खिशात स्मार्टफोन होता आणि बहुतेक एखादी गर्लफ्रेंडही. त्याने मुद्दाम अर्थ वाकवला. आपल्या शेतात, अंगणात, ओट्यावर जागा आहे आणि ही पुण्यात पाऊण कोटीच्या भिंतींमध्ये जागा नाही म्हणून रडतेय, यातला विरोध त्याने सात शब्दांत पकडला. सोंगाड्याच्या गावचा पोरगा तो. त्याच्या पूर्वजांनी याहून मोठ्या मोठ्या लोकांना उत्तरं दिलीत.

पण थांबा. इथेच कॉलम संपवला असता तर 'खेड्यातला भोळा, शहाणा प्रेक्षक' अशी एक गोड गोष्ट झाली असती. तसं झालं नाही. कारण त्या हशाच्या लाटेत मला एक टाळी ऐकू आली. एकटी. दोन ओळी पुढे, बायकांच्या बाजूला, साधारण माझ्याच वयाची एक मुलगी. एका हाताला सासू असावी, दुसऱ्या हाताला नणंद, मांडीवर झोपलेलं मूल. मुलाला न उठवता जमेल तेवढीच टाळी तिने वाजवली. तीन वेळा. सासूने वळून पाहिलं. मुलीने हात पदराखाली घेतले.

ती हसली नव्हती. मैदानात जागाच जागा होती, पण तिच्या वाट्याला किती होती, कुणाला माहीत. ते शहरी, इंग्रजी, दादरच्या मते वाया गेलेलं वाक्य तिच्यापर्यंत नीट पोचलं होतं. कोथरूडच्या साडेआठशे टाळ्यांना मिळून जेवढं धाडस लागलं नसेल, तेवढं त्या तीन टाळ्यांना लागलं.

म्हणजे बघा, प्रेक्षक असा एक प्राणी नसतोच. एकाच मैदानात, एकाच सेकंदाला, एका वाक्याला दोन उत्तरं मिळाली. बंद हॉलच्या अंधारात आपल्याला फक्त मोठं उत्तर ऐकू येतं. आणि अंधारात एकटी टाळी वाजवणारी दिसत नाही.

तिसरी रिअ‍ॅक्शन सगळ्यात भयानक, निदान नटांच्या दृष्टीने. लोक उठून जाणं. नऊच्या सुमारास नाटक ऐन भरात असताना मधल्या तीन-चार रांगा एकदम उठल्या. चपलांचा आवाज, 'चला चला', पोरांना ओढणं. स्टेजवरच्या आईचा आवाज किंचित चढला. शहरात असं झालं असतं तर निर्मात्याने त्याच रात्री नाटकाला कात्री लावली असती. इथे कारण अगदी साधं होतं. साडेनऊची शेवटची एसटी. ती गेली की आठ-दहा किलोमीटरवरच्या वाड्या-वस्त्यांवर जायला काही नाही. जाताना एक आजोबा मागे वळून वळून बघत होते, फाटकाशी पोचल्यावर दोन मिनिटं उभेच राहिले. कुणीतरी हाक मारली, "आप्पा, गाडी सुटंल!" तेव्हा गेले. शेवट काय झाला हे त्या रांगांना कधीच कळणार नाही. आपल्याकडे लोक शेवट बघून नाटक विसरतात. त्यांनी शेवट न बघता ते घरी नेलं.

आता जरा मागे जाऊ. कारण अंधारात गप्प बसून नाटक बघणं हीच खरी, सुसंस्कृत पद्धत, असं आपल्याला वाटतं. पण ही पद्धत तशी नवीच. जर्मनीत वॅग्नरने १८७६ मध्ये बायरॉइटचं थिएटर उघडलं, तिथे प्रेक्षागृहात जवळजवळ पूर्ण अंधार केला. त्या काळी ते अप्रूप होतं. त्याआधी युरोपातही लोक उजेडात बसून एकमेकांचे कपडे बघत, गप्पा मारत नाटक बघायचे. शेक्सपिअरच्या लंडनमध्ये तर एक पेनी देऊन उघड्या अंगणात उभं राहून बघायची सोय होती, आणि ते उभे प्रेक्षक काही मौनव्रत घेऊन येत नसत. आपल्याकडे संगीत नाटकात 'वन्स मोअर'चा पुकारा झाला की मेलेला माणूससुद्धा उठून पुन्हा पद म्हणायचा, अशी थट्टा होती. मुंबईत गिरगावच्या साहित्य संघाचं बंदिस्त नाट्यगृह १९६४ चं. त्याआधी त्याच जागी नाटकं व्हायची ती खुल्या रंगमंचावर. म्हणजे आपल्या आजोबांनी पाहिलेली कितीतरी चांगली नाटकं आकाशाखालचीच होती.

आणि सगळ्यात कहर म्हणजे भरतमुनींचं नाट्यशास्त्र. त्यात एक अख्खा अध्याय, सत्ताविसावा, आपल्यावर आहे. म्हणजे प्रेक्षकांवर! प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचं, याचा तो हिशोब. एक मानुषी सिद्धी. प्रेक्षक हलकं हसला, मोकळं हसला, खदखदून हसला, 'वा' म्हणाला, 'अरेरे' म्हणाला, अंगावर काटा आला, जागेवरून उठला, अंगावरचं वस्त्र किंवा बोटातली अंगठी काढून दिली. हे सगळं मार्क देण्यासारखं. तमाशातली दौलतजादा आणि आपलं स्टँडिंग ओव्हेशन, दोन्ही आली की नाही यात? मग विघ्नांची यादी. वारा, पाऊस, आग, पिसाळलेला हत्ती, साप, मुंग्या. शिवाय हितशत्रूंचा आरडाओरडा आणि शेणफेक. शेवटी नटाच्या स्वतःच्या चुका. तालुक्याच्या त्या प्रयोगात हत्ती सोडून यातलं बरंच काही हजर होतं. वारा कॉलर माइकमध्ये शिरून फर्रर्र करत होता, एक कुत्रं दोनदा स्टेज ओलांडून गेलं आणि डीजे होताच.

पण त्या अध्यायात या सगळ्याच्या वर आणखी एक सिद्धी सांगितलीय. दैवी सिद्धी. प्रेक्षागृह पूर्ण भरलेलं आहे, आणि आवाज नाही, गडबड नाही, काहीही नाही. बस, एवढंच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला ठाऊक होतं, की गर्दी गप्प होते ती सगळ्यात मोठी दाद.

मात्र यात एक मेख आहे. ती शांतता फुकटची नको. आपल्या हॉलमध्ये शांतता आधीपासूनच असते, तिकिटात धरलेली. भंगते ती फक्त मोबाईलने. २०१९ मध्ये सुमीत राघवन आणि सुबोध भावे या दोघांनीही प्रयोगात वाजणाऱ्या मोबाईलवर जाहीर वैताग व्यक्त केला होता, आणि तो शंभर टक्के रास्त होता. रिंगटोन ही रिअ‍ॅक्शन नव्हे. 'मीटिंग हाय म्हनं' ही रिअ‍ॅक्शन आहे. पहिलीत माणूस नाटकातून बाहेर गेलेला असतो, दुसरीत तो नाटकाच्या आत शिरलेला असतो. हा फरक कळला तर शिस्त आणि जिवंतपणा यांचं भांडणच उरत नाही.

मैदानात शांतता फुकट मिळत नाही. तिथे लोक बोलतात, खातात, पोरं पळतात, जाणारे जातात. अशा ठिकाणी आठशे माणसं एका वाक्याला एकदम गप्प होतात, तेव्हा ती शांतता त्या वाक्याने कमावलेली असते. नाटकवाल्यांना एक तांत्रिक गोष्टही माहीत असते. बंद हॉलमध्ये हशा भिंतींवर आपटून परत येतो, वाढतो, न हसणाऱ्यालाही ओढून घेतो. उघड्यावर हशा वर उडून जातो. परत येत नाही. म्हणून तिथे जो हसतो तो स्वतःचं हसतो. शेजाऱ्याचं उसनं नाही. आणि गप्प बसतो तोही स्वतःचंच गप्प बसतो.

प्रयोगानंतर स्टेजच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, आईचं काम करणाऱ्या अभिनेत्री मेकअप काढत होत्या. मी हळूच विचारलं, "फोनच्या सीनला लाफ्टर आला नाही, त्रास होतो का?" त्या आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाल्या, "शहरात आम्हाला फक्त पहिली रांग दिसते. इथे मला शेवटच्या पायरीपर्यंतचे चेहरे दिसत होते. त्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, त्याच्याकडे नाही. पहिल्यांदाच." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "आता कोथरूडला हशा आला की मला त्या आठवणार."

परतताना गाडीत दादर बराच वेळ गप्प होता. सुप्याच्या आसपास तो एवढंच म्हणाला, "नाटक आपल्याबद्दल होतं ना? मग मला असं का वाटलं की ते त्यांचंच होतं?"

मला वाटतं, उत्तर त्याच्या प्रश्नातच आहे. आपण याला शहरी नाटक म्हणतो, कारण सोफा शहरात आहे. पण शहराची गोष्ट अर्धीच शहरात घडते. नगर-पुणे रस्त्यावरून १९४८ पासून रोज माणसं भरभरून इकडे येतायत, आणि प्रत्येकामागे तिकडे एक घर उरतंय, जिथे आठ वाजता कुणीतरी घड्याळ बघतं. आपल्या ईएमआयची, प्रमोशनची, स्पेसची दुसरी बाजू तिथे राहते. बंद नाट्यगृहात आपण आपली बाजू आपल्याच लोकांबरोबर बघतो आणि आपल्यालाच टाळ्या देतो. मजा येते, नाही असं नाही. पण ते म्हणजे आपला पेपर आपणच तपासण्यासारखं आहे. मार्क चांगलेच मिळणार!

म्हणून निर्मात्यांना एक नम्र विनंती. शहरी नाटकांचे तालुक्याचे दौरे म्हणजे 'कॉन्ट्रॅक्ट शो, उरकून टाका' असं समजू नका. संवाद सोपे करू नका, शिव्या वाढवू नका, नाचगाणं घुसडू नका. लोकांना कळतं. फक्त शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून घ्या आणि शेवटचा प्रवेश त्याच्या अलीकडे बसवा. आप्पांना शेवट बघू द्या.

आणि तुम्हाला, म्हणजे माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्यांना? तुमच्या तालुक्याला एखादा प्रयोग लागला, तर या वीकएंडचा मॉल कॅन्सल करा. आईबाबांना घेऊन जा, आणि त्यांच्या शेजारीच बसा. नाटकाकडे निम्मंच लक्ष द्या. ते कुठे हसतात, कुठे हसत नाहीत, कुठल्या वाक्याला शाल सारखी करतात, हे ऐका. त्यांनी फोनवर कधीच न सांगितलेल्या चार गोष्टी त्या दोन तासांत कळतील. तिकीटही स्वस्त असतं.

फक्त स्वेटर न्या. नगरची थंडी नऊनंतर वाजायला लागते. आणि शेंगदाणे दोन पुड्या घ्या, शेजारी कुणीतरी मावशी असतातच.